आंजूची काडी

सोळाव्या शतकातला फ्रेंच लेखक फ्रांस्वा राब्ले याच्या ‘गार्गान्त्युआ’ या कादंबरीत एका मोठ्या युद्धाचं निमित्त अगदी किरकोळ आहे. द्राक्षं पिकली आहेत. पाखरांनी घड खाऊ नयेत म्हणून मेंढपाळ बागांच्या कडेला राखण करत बसले आहेत. वाटेने पाववाले माल लादून चालले आहेत. मेंढपाळ रोख पैसे देऊन पाव मागतात, पाववाले उलट शिव्या घालतात, फोर्जिए नावाच्या गड्याच्या पायांवर चाबूक बसतो आणि मारामारी जुंपते. पाववाले पळाल्यावर मेंढपाळ ताज्या पावाबरोबर द्राक्षं खातात आणि फोर्जिएचे पाय टपोऱ्या द्राक्षांनी शेकतात. तो लगेच बरा होतो. राब्लेने त्या द्राक्षांची जातही सांगितली आहे, शेनिन. पुस्तक छापलं गेलं १५३४च्या सुमारास, आणि राब्ले स्वतः लुआर नदीच्या खोऱ्यातल्या शिनाँजवळचा, म्हणजे द्राक्षाच्या गावचाच माणूस.

आज दिंडोरी, निफाड, इगतपुरी या तालुक्यांत आणि तिकडे अकलूजच्या माळावर याच नावाची वेल उभी आहे. शेनिन ब्लाँ. नाशिकच्या वाइनरीत पांढऱ्या वाइनसाठी जी द्राक्षं येतात त्यांत हिचा वाटा मोठा. तरी आपल्याकडे हिच्याविषयी बोललं जातं ते ‘गोडसर, पहिल्यांदा पिणाऱ्यांना चालेल अशी’ एवढंच. मला हे फार अपुरं वाटतं. या वेलीचा माग काढत गेलं की एक गोष्ट ठिकठिकाणी भेटते. ती जिथे गेली तिथे तिला कुणाच्या ना कुणाच्या सोयीसाठी राबवून घेतलं गेलं, आणि तिचं खरं मोल कळलं ते मात्र जिथे तिला म्हातारी होऊ दिलं तिथेच.

द्राक्षाच्या जातीचा इतिहास हा माणसांच्या घराण्यासारखा पिढ्यांचा नसतो, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. बी पेरली तर उगवणारी वेल आईबापांपेक्षा वेगळी निघते, गुण टिकत नाहीत. म्हणून बागायतदार बी लावत नाही, काडी लावतो. काडीतून वाढलेली वेल म्हणजे तीच वेल, दुसऱ्या जागी. म्हणजे राब्लेच्या मेंढपाळांनी राखलेली शेनिन आणि आज निफाडात गोडी भरत असलेली शेनिन, हे मधले किरकोळ बदल सोडले तर एकाच झाडाचे अवयव आहेत. पाच शतकं ते झाड मेलेलं नाही, फक्त तोडून तोडून लावलं गेलं.

तरी कधीतरी ती एका बीमधून उगवलीच होती. डीएनए तपासणीने तिच्या जन्मदात्यांपैकी एकाचं नाव ठरलं आहे, साव्हान्याँ. ही युरोपातली फार जुनी पांढरी जात. २०१९ साली संशोधकांनी फ्रान्समधल्या उत्खननांत सापडलेल्या द्राक्षबियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली ऑर्लेआँ शहरातली मध्ययुगीन बी, सुमारे ९०० वर्षांपूर्वीची, आजच्या साव्हान्याँशी तंतोतंत जुळली. ऑर्लेआँ हे लुआरच्याच काठावरचं शहर. याच साव्हान्याँची दुसरी संतती म्हणजे सॉव्हिन्याँ ब्लाँ. तेव्हा शेनिन आणि सॉव्हिन्याँ ही भावंडं ठरतात. ही गोष्ट पुढे नाशिकला आल्यावर लागणार आहे.

शेनिनचं माहेर आंजू. लुआर नदी समुद्राला मिळण्याआधी ज्या प्रदेशातून जाते तो हा भाग. तिथून ती नदीच्या वरच्या अंगाला तुरेनमध्ये गेली. शनाँसोच्या गढीभोवती १५२० ते १५३५ या काळात ‘आंजूचं रोप’ लावल्याचं सांगितलं जातं. शनाँसोचा धनी आणि त्याचा मेहुणा, कोर्मरीच्या मठाचा मुख्य, हे दोघे माँ-शेनिन नावाच्या जागी वेगवेगळ्या जाती लावून पाहत असत, आणि त्या जागेवरूनच वेलीला आजचं नाव पडलं असं मानतात. तरी लोक तिला पुढेही बराच काळ पिनो द ला लुआर म्हणत राहिले.

तुरेनची जमीन चुनखडीची. तिथला मऊ, पिवळट पांढरा दगड खणून लुआरकाठचे राजवाडे आणि तूर शहराची घरं बांधली गेली. दगड निघाला तिथे डोंगराच्या पोटात लांबच लांब भुयारं राहिली, आणि व्हूव्रे गावच्या लोकांनी त्या भुयारांत वाइनची तळघरं केली. आत उन्हाळा-हिवाळा सारखाच गारवा. आंजूकडे गेलं की जमीन बदलते, काळ्या पाटीच्या दगडाची होते, आणि तीच शेनिन तिथे वेगळं बोलू लागते. साव्हन्येर गावची वाइन कोरडी, ताठ, पहिल्या घोटाला जवळजवळ कठोर. तिथला कुले द सेरां हा मळा बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी लावला. आजही तिथे फक्त शेनिन आहे.

आणि या साऱ्याच्या खाली एकच गोष्ट आहे, आंबटपणा. आमटीत आमसूल जे काम करतं तेच शेनिनमध्ये तिची आम्लता करते. साखर कितीही असो, चव पसरट होऊ देत नाही. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मण्यांत पाणी उतरल्यावर साखर वाढत जाते आणि मॅलिक आम्ल श्वसनात जळत जातं. रात्र जितकी उष्ण तितकं ते लवकर जळतं. पुष्कळ पांढऱ्या जाती उष्ण प्रदेशात गोड होतात तेव्हा त्यांच्यात दम उरत नाही. शेनिनकडे आम्लाचा साठाच इतका असतो की पुरती पिकूनही ती टवटवीत राहते. लुआरमध्ये याचा उपयोग एका दिशेने झाला, आफ्रिकेत दुसऱ्या, नाशिकला तिसऱ्या. पण प्रत्येक ठिकाणी तिला बोलावलं गेलं ते याच गुणासाठी.

लुआरमधला उपयोग असा. शेनिनचे डोळे लवकर फुटतात आणि माल उशिरा पिकतो. तो पिकेपर्यंत तिथे हिवाळा तोंडावर येतो. लेयाँ नावाची लहानशी नदी लुआरला मिळते. तिच्या दरीत शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. त्या दमटपणात मण्यांवर बॉट्रायटिस ही बुरशी येते. आपल्याकडे घडकूज म्हटलं की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण ओल्या हवेत हीच बुरशी घडच्या घड खलास करते. लेयाँच्या दरीत मात्र ऊन वेळेवर आलं तर ती मण्याची साल सच्छिद्र करून थांबते. आतलं पाणी उडून जातं, मणी तपकिरी होऊन सुकतो, साखर आणि आम्ल दोन्ही घट्ट होतात. एका घडातले मणीसुद्धा एकाच दिवशी तयार होत नाहीत. म्हणून मजूर त्याच ओळीतून आठवड्याआठवड्याने पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर खेपेला तेवढेच सुकलेले मणी वेचतात. नोव्हेंबरपर्यंत हे चालतं. पीक फार थोडं हाताला लागतं. कार द शोम या मळ्याच्या नावातच चौथाई आहे. जमीन कसणाऱ्यांकडून आंजे शहरातल्या राँसरे मठाची मुख्य साध्वी खंड म्हणून पिकाचा चौथा हिस्सा घेई, आणि तोही सगळ्यात चांगल्या उतारावरचा.

अशी वाइन टिकते किती? १९४७चा उन्हाळा लुआरमध्ये कडक गेला. त्या वर्षीच्या व्हूव्रेच्या गोड वाइनच्या बाटल्या आजही लोक उघडतात आणि त्या जिवंत निघतात. गोडी काही एकटी कुणाला इतकी वर्षं तगवत नाही. ते काम आम्लाचं.

सतराव्या शतकात या गोड वाइनचे मोठे गिऱ्हाईक होते डच व्यापारी. लुआरमधून गलबतं भरून ते आंजूच्या पांढऱ्या वाइन नेत. चांगला माल समुद्रमार्गे हॉलंडला जाई, राहिलेला पॅरिसला. याच डचांची ईस्ट इंडिया कंपनी त्या काळात मसाल्यांच्या व्यापारासाठी आशियाकडे जहाजं पाठवत होती. सहा-आठ महिन्यांच्या प्रवासात खलाशी आजारी पडत, मरत. वाटेत ताजी भाजी, मांस आणि पाणी मिळावं म्हणून कंपनीने १६५२ साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, ठाणं वसवलं. त्याचा प्रमुख यान व्हान रीबेक. त्याने युरोपातून द्राक्षाच्या काड्या मागवल्या. १६५५ साली त्या लागल्या आणि २ फेब्रुवारी १६५९ रोजी केपमध्ये पहिल्यांदा वाइन गाळल्याची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली. त्या सुरुवातीच्या काड्यांत शेनिन होती असं केपमध्ये पिढ्यानपिढ्या मानतात. तिथे तिचं नाव पडलं स्टीन, आणि ती आंजूची आहे हे लोक साफ विसरले.

केपच्या या बागा कुणी खणल्या, हे मागोवा घेताना टाळता येत नाही. कंपनीने तिथे गुलाम आणले ते मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियातून, तसेच हिंदुस्थानातूनही. बंगाल, कोरोमंडल आणि मलबारच्या किनाऱ्यांवरून पकडून किंवा विकत घेऊन नेलेली माणसं केपच्या मळ्यांत राबली. केपमधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ साली. पण वेठ संपली नाही. मजुराला पगाराचा भाग म्हणून दिवसातून काही वेळा स्वस्त वाइन पाजायची, याला तिथे डॉप म्हणत. कायद्याने बंदी आल्यानंतरही ही पद्धत कित्येक मळ्यांवर चालू होती आणि तिने पिढ्यांच्या पिढ्या उद्ध्वस्त केल्या. गर्भातच दारूची बाधा झालेल्या मुलांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या प्रदेशांत पश्चिम केप मोडतो, त्याचं एक मूळ इथे आहे. स्टीन भरघोस येणारी, काटक, स्वस्त वेल होती. त्या वाइनमध्ये तिचा रसही होताच. शेनिनचं कौतुक करताना मी हे पान उलटून पुढे जाऊ शकत नाही.

विसाव्या शतकात केपला स्टीनचा सर्वांत मोठा उपयोग ब्रँडीसाठी झाला. ब्रँडी गाळायला फिकट, आंबट, भरपूर वाइन लागते, आणि स्टीन ती निमूटपणे देत होती. मग पोलादी टाक्या आणि थंडाव्याने आंबवण्याचं तंत्र आलं. उष्ण हवेत द्राक्षरस आंबू लागला की आपोआप तापतो आणि फळाचा वास उडून जातो. टाकी गार ठेवली तर तो वास वाइनमध्ये राहतो. या तंत्रावर १९५९ साली स्टेलेनबॉशच्या एका कंपनीने लीबरस्टाइन नावाची हलकी, गोडसर वाइन काढली. तिच्यात मुख्य माल स्टीनचा. पाच वर्षांत, १९६४ साली, तिचा खप वर्षाला ३ कोटी १० लाख लिटरवर गेला आणि ती जगात सर्वाधिक विकली जाणारी बाटलीबंद वाइन ठरली. ज्यांनी कधी वाइनला हात लावला नव्हता त्यांच्या टेबलावर ती पोहोचली, हे खरंच. पण स्टीन म्हणजे स्वस्त आणि गोडसर हा शिक्काही त्याच बाटलीने मारला. तो पुसायला त्या देशाला चाळीस वर्षं लागली.

त्याच १९६०च्या दशकात स्टेलेनबॉश विद्यापीठातले प्राध्यापक ऑर्फर यांनी स्टीनची पानं फ्रान्समधल्या शेनिनच्या पानांशी ताडून पाहिली आणि दोन्ही एकच असल्याचं दाखवलं. तीनशे वर्षांनी वेलीला तिची ओळख परत मिळाली. आज दक्षिण आफ्रिकेत शेनिन फ्रान्सपेक्षा कितीतरी जास्त जमिनीवर आहे.

कॅलिफोर्नियातही काहीसं असंच झालं. तिथल्या उष्ण मध्यवर्ती खोऱ्यात शेनिन मैलोगणती लावली गेली. १९८०च्या दशकात तिथे फ्रान्सपेक्षा जास्त शेनिन होती आणि जवळजवळ सगळी मोठ्या सुरयांमधून विकल्या जाणाऱ्या स्वस्त वाइनमध्ये मिसळून जात होती. शार्दोनेची लाट आली तशी ती उपटली गेली.

आणि आता नाशिक.

दख्खनला द्राक्ष नवं नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तिथली द्राक्षं आणि डाळिंबं वाखाणली आहेत आणि वर्षातून दोनदा पीक येतं असं नोंदवलं आहे. ही नोंद मोलाची आहे, कारण तिच्यात आपल्या द्राक्षशेतीची सारी गोम आहे. लुआरमध्ये वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपते. नाशिक २० अंश अक्षांशावर. इथे वेलीला झोप नाही. तिला मोकळी सोडली तर ती वर्षभर वाढत राहील आणि पावसाळ्यातला बहार केवडा आणि करपा हे रोग खाऊन टाकतील. म्हणून आपला बागायतदार दोन छाटण्या करून पीक एकदाच घेतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यानंतर येणाऱ्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. दिवाळीच्या आसपास बाग फुलोऱ्यात येते, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मणी वाढतो आणि जानेवारीच्या अखेरीपासून माल तुटू लागतो.

मला यात एक गंमत वाटते. आपण उत्तर गोलार्धात असूनही आपली शेनिन तुटते ती केपच्या शेनिनबरोबर, फेब्रुवारीत. लुआरमध्ये तेव्हा वेली उघड्या काड्यांनिशी थंडीत उभ्या असतात. छाटणीच्या कात्रीने आपण वेलीचं पंचांगच फिरवलं आहे, आणि फिरवलं म्हणूनच निफाडची ती बोचरी थंडी नेमकी मणी भरण्याच्या वेळी कामाला येते. पारा तिथे दहाच्या खाली जातो, कधी पाचच्याही. रात्री गार असल्या की मॅलिक आम्ल फारसं जळत नाही. शेनिनकडे मुळातच ते जास्त, त्यात ही थंडी.

महाराष्ट्रात आधुनिक वाइनचा आरंभ १९८०च्या दशकात नारायणगावला झाला. श्यामराव चौगुले यांनी शांपेनच्या पद्धतीने फेसाळ वाइन काढली आणि परदेशात विकली. शेनिन आली ती १९९७ साली. राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळ गंगापूरच्या वडिलोपार्जित जमिनीवर केरी डॅमस्की या कॅलिफोर्नियातल्या वाइनतज्ज्ञाच्या सल्ल्याने सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. त्यांच्या ‘सुला’च्या पहिल्या बाटल्या २००० साली बाजारात आल्या. भारतात या दोन जातींच्या वाइनची ही सुरुवात मानली जाते. साव्हान्याँची ही दोन लेकरं अशी नाशिकला शेजारी शेजारी येऊन राहिली. लुआरमध्ये त्यांच्या पट्ट्यांत चांगलं अंतर आहे. सॉव्हिन्याँ नदीच्या वरच्या अंगाला, सांसेरकडे, आणि शेनिन खाली.

सल्ला कॅलिफोर्नियाचा होता ही बाब मला महत्त्वाची वाटते. गोडसर, ताजी, तरुणपणीच प्यायची शेनिन हा नमुना लीबरस्टाइनच्या केपचा आणि सुरईतल्या वाइनच्या कॅलिफोर्नियाचा. नाशिकला आली ती वेल आंजूची होती, पण तिच्याकडून काय करून घ्यायचं याची कल्पना तिथली नव्हती. त्या वेळी ते बरोबरही होतं. वाइनची सवय नसलेल्या गिऱ्हाइकाला गोडसर वाइनच आधी रुचते, आणि आपल्या तिखट जेवणाबरोबर थोडी साखर चांगलीच जमते. सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर किंवा कोल्हापुरी रश्श्याबरोबर मला अजूनही अशी शेनिन आवडते. पण तेवढ्यावर थांबायचं काही कारण नव्हतं.

बागेतलं काम एकदा जवळून पाहावं. वेल मुळापासून शेनिनची नसते. आधी खुंट लावतात, बहुधा डॉगरिज किंवा ११०-आर. डॉगरिज मूळचा टेक्ससचा रानवेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीने युरोपातल्या बागांची मुळं खाल्ली, केपला ती १८८६ साली पोहोचली, आणि तेव्हापासून जगभर अमेरिकन मुळांवर युरोपीय कलम हीच रीत पडली. आपल्याकडे खुंट लावायचं मुख्य कारण वेगळं, क्षारट पाणी आणि दुष्काळ. फेब्रुवारी-मार्चमध्ये खुंट लावून ऑगस्ट-सप्टेंबरला त्यावर पाचर कलम भरतात. ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, तारेवर चढवतात. खायच्या द्राक्षांना लागणारा मोठा खर्च इथे नसतो. जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) बुडव्या नाहीत, घडांची विरळणी नाही, निर्यातीचं पॅकिंग नाही. शेनिनचा मणी लहान, बियांचा, आणि घड इतका गच्च की मध्ये बोट जात नाही. हाच तिचा धोका. फेब्रुवारीत एखादा अवकाळी पाऊस झाला, आतले मणी दबून फुटले आणि रस गळला की दोन दिवसांत अख्खा घड सडतो. लेयाँच्या दरीत ज्या बुरशीची वाट पाहतात तिच्यासाठी लागणारी धुकं आणि उन्हाची जोडी इथे जमत नाही. म्हणून नाशिकची गोड ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन बुरशीवर अवलंबून नसते. माल वेलीवर जास्त दिवस ठेवून, मणी सुकत आणून ती करतात.

तोडा पहाटे. दिवस वर आला की मणी तापतो, म्हणून अंधारातच बायका-गडी ओळींत शिरतात. घड हाताने धरायचा, देठापाशी कात्री, सडका मणी असेल तर तिथल्या तिथे काढून टाकायचा, क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. आदल्या दिवशी बागेत वेगवेगळ्या वेलींवरचे मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर गोडी पाहिलेली असते आणि प्रयोगशाळेत आम्ल मोजलेलं असतं. गाडी वाइनरीत पोहोचते तेव्हा सकाळची थंडी अजून क्रेटमध्ये असते. द्राक्षं दाबयंत्रात जातात, हिरवट गढूळ रस टाकीत गार करून निवळू देतात आणि मग यीस्ट घालून साधारण १५ अंशांच्या आसपास मंद आंबवतात. साखर थोडी राखायची असेल तर आंबवण मध्येच टाकी आणखी गार करून थांबवायची. त्या टाकीजवळ उभं राहिलं की पिकल्या पेरूचा वास येतो. पेरू, खरबूज, थोडं अननस, हा नाशिकच्या शेनिनचा वास. लुआरला सफरचंद, मध आणि ओल्या लोकरीसारखा काही गंध येतो. वेल तीच, आम्ल तेच, बाकी सारं हवेचं आणि मातीचं.

२००१ साली राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. वाइनऱ्या भराभर निघाल्या. शेतकऱ्यांनी करार केले, शेनिन-सॉव्हिन्याँ-शिराझची कलमं भरली. २००८ नंतर जगाची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांच्या पाठोपाठ विक्री कोसळली. वाइनऱ्या अडचणीत आल्या, माल पडून राहिला, पैसे थकले. वाइनची द्राक्षं खायला विकता येत नाहीत. बिया, जाड साल, बारीक मणी, बाजारात त्यांना कुणी विचारत नाही. कित्येकांनी बागा उपटल्या किंवा त्याच खुंटावर पुन्हा थॉम्सन आणि सोनाका या खायच्या जाती भरल्या. या काळात दहा वर्षांच्या आतल्या, नुकत्या सुराला लागलेल्या शेनिनच्या वेली गेल्या. नाशिकच्या वाइनचं सर्वांत मोठं नुकसान म्हणून मी टाक्यांतल्या साठ्याकडे बोट दाखवणार नाही, या वेलींकडे दाखवीन.

कारण म्हातारी वेल म्हणजे काय हे केपने नंतर दाखवून दिलं. वर्णभेदाची राजवट संपली, परदेशी बाजार उघडला आणि तिथेही शेतकऱ्यांनी स्टीन उपटून लाल जाती लावल्या. पण स्वार्टलँडसारख्या कोरड्या भागात, जिथे मालाला फारसा भावच नव्हता, तिथल्या काहींनी उपटण्याचाही खर्च केला नाही. तारा नाहीत, ठिबक नाही, झुडपासारख्या बसक्या वाढलेल्या शेनिनच्या वेली तशाच राहिल्या. वेलींच्या जाणकार रोझा क्रूगर यांनी अशा बागा हिंडून शोधल्या, त्यांची यादी केली, आणि चांगल्या वाइनकारांना तिथे नेलं. जुन्या वेलीला माल कमी येतो, मणी लहान, मुळं खोल, आणि वाइनमध्ये जी घट्ट, लांब टिकणारी चव येते ती तरुण वेलीकडून मिळत नाही. २०१६ साली ‘ओल्ड व्हाइन प्रोजेक्ट’ उभा राहिला. ३५ वर्षांवरच्या बागेच्या वाइनवर तो शिक्का देतो आणि त्या शिक्क्यावर लागवडीचं साल छापतो. ब्रँडीच्या भट्टीसाठी लावलेल्या वेलींचा माल आज जगातल्या उत्तम पांढऱ्या वाइनमध्ये गणला जातो.

नाशिकमध्येही शेनिनकडून आता वेगळं काही मागितलं जाऊ लागलं आहे. दिंडोरीला शांदाँ या वाइनरीने २०१३ पासून फेसाळ वाइनमध्ये शार्दोने आणि पिनो न्वारबरोबर शेनिन घेतली, आणि ते योग्यच होतं. व्हूव्रेतही शेनिनचा मोठा वाटा फेसाळ वाइनला जातो. अकलूज आणि नाशिकच्या काही वाइनऱ्या कोरडी शेनिन काढतात, कुणी ओकच्या पिंपात ठेवून पाहतात. पण हे सारं तळघरातलं काम आहे. बागेत वेलीचं वय वाढल्याशिवाय त्याला एका मर्यादेपुढे अर्थ नाही.

अडचण खरी आहे. न झोपणारी वेल लवकर थकते. वर्षात दोनदा कात्री, दोनदा फुटवा, ओलांड्यांवर खोडकिडा, आणि माल घटू लागला की बाग मोडायची. पंधरा-वीस वर्षं हा आपला हिशेब. तो खायच्या द्राक्षाचा हिशेब आहे, टनाचा. वाइनरीही शेतकऱ्याला पैसे देते ते वजनावर आणि ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या मापावर. वीस वर्षांची बाग पाच टन कमी देत असेल तर शेतकऱ्याने ती कुणासाठी राखायची? कमी मालाला जास्त दर, आणि तोही दहा-पंधरा वर्षांच्या करारात बांधलेला, असं झालं तरच ती राहील. केपमध्ये जुन्या बागांच्या मालाला वेगळा दर मिळू लागला म्हणूनच तिथले शेतकरी कुऱ्हाड बाजूला ठेवू लागले.

बाटलीवर आपण तोडणीचं साल छापतो, लागवडीचं नाही. ज्या वाइनरीकडे २००० साली किंवा त्याआधी लावलेल्या शेनिनचा प्लॉट असेल तिने त्या प्लॉटचा रस वेगळ्या टाकीत घ्यावा आणि लेबलवर ते साल घालावं. गिऱ्हाइकाला ते वाचायची सवय लागेल, शेतकऱ्याला त्या सालाचा भाव मागता येईल. १९९७ साली लावलेली वेल २०३२ साली ३५ वर्षांची होते. तिची पुढची गोडी छाटणी येत्या सप्टेंबरात आहे.